घडीची पानं शाबूत आहेत का? (जुन्या भूभौतिकीच्या पुस्तकांचं खूळ)

जुनी पुस्तकं जमवणारे लोक कवितासंग्रह, नकाशे, पहिल्या आवृत्त्या असलं काहीतरी जमवतात, माझं खूळ जरा आडवाटेचं आहे. जमिनीच्या पोटात काय दडलंय ते न खणता कसं ओळखायचं, म्हणजे एक्सप्लोरेशन जिओफिजिक्स, त्यावरची जुनी टेक्निकल पुस्तकं मला लागतात. घरी याला रद्दी म्हणतात, आणि वास घेतला तर त्यांचंही अगदीच चूक नाही.

या छंदात १९४० साल म्हणजे दिवाळी. एकाच वर्षी अमेरिकेत या विषयावरची तीन दणकट पुस्तकं आली. कोलोरॅडोच्या मायनिंग कॉलेजात शिकवणारे हायलंड यांचं 'जिओफिजिकल एक्सप्लोरेशन' हजार पानांच्या वर, जॅकोस्की यांचं 'एक्सप्लोरेशन जिओफिजिक्स', आणि नेटलटन यांचं 'जिओफिजिकल प्रॉस्पेक्टिंग फॉर ऑइल', जे तिघांत सगळ्यात वाचनीय असं माझं मत. कम्प्युटर नव्हता ना, त्यामुळे प्रत्येक गणित माणसाने कागदावर कसं करायचं ते पायरीपायरीने लिहिलेलं असतं. आज सॉफ्टवेअर रंगीत चित्र काढून देतं पण ते आलं कुठून हे कळत नाही, या पुस्तकांत लपवायला जागाच नव्हती.

माझा सगळ्यात आवडता भाग टॉर्शन बॅलन्सचा, म्हणजे पीळकाट्याचा. हंगेरीच्या लोरांड एटव्हश यांचं हे यंत्र. बारीक तारेला एक आडवी दांडी टांगायची, एका टोकाला वजन दांडीवरच, दुसऱ्या टोकाचं वजन मात्र तारेने खाली सोडलेलं. जमिनीखाली एका बाजूला जड खडक आणि दुसऱ्या बाजूला हलका असेल तर दोन्ही वजनांवरची ओढ किंचित वेगळी पडते, दांडी अगदी कणभर वळते, आणि तारेचा तो पीळ आरशावरून परतलेल्या प्रकाशाने मोजायचा. लक्षात घ्या, हे यंत्र गुरुत्वाकर्षण किती आहे ते सांगत नाही, ते जागेजागी किती झपाट्याने बदलतं ते सांगतं. यंत्र इतकं नाजूक की शेजारचा उंचवटा, चर, सगळं त्याला जाणवायचं, म्हणून एटव्हश यांनी १९०१च्या हिवाळ्यात गोठलेल्या बालाटोन तळ्यावर जाऊन मोजमाप केलं, बर्फाइतकी सपाट जागा दुसरी कुठे मिळणार! पुढे तेलवाल्यांनी हेच यंत्र रानात नेलं. वारा आणि ऊन लागू नये म्हणून भोवती खोपट उभारायचं, आजूबाजूची जमीन सपाट करायची, यंत्र वेगवेगळ्या दिशांना फिरवत दर वेळी दांडी स्थिर होईपर्यंत थांबायचं, एका जागेला काही तास सहज जायचे.

पण फळ मिळालं. १९२४ साली टेक्सासमध्ये नॅश इथला मिठाचा घुमट, म्हणजे जमिनीखाली वर फुगून आलेला मिठाचा ढीग, याच काट्याने सापडला, आणि अशा घुमटांच्या कडेला तेल अडकून राहतं. त्याच वर्षी त्याच राज्यात ऑर्चर्डचा घुमट मिंट्रोप यांच्या जर्मन तुकडीने सुरुंगाचे धक्के देऊन शोधला, कारण मिठातून लहर भोवतालच्या मऊ गाळापेक्षा जोरात धावते आणि ठरलेल्या वेळेआधी पोचते. पुढे गुरुत्वाकर्षणच थेट मोजणारे स्प्रिंगवरचे ग्रॅव्हिमीटर आले, काही मिनिटांत आकडा, पीळकाटा अडगळीत. गंमत म्हणजे तीच कल्पना, बदल मोजायची, विसाव्या शतकाच्या शेवटी विमानात बसवलेल्या ग्रेडिओमीटरच्या रूपाने परत आली. म्हणून त्या जुन्या प्रकरणाला कोणी आउटडेटेड म्हटलं की मला राग येतो.

आता विकत घेताना काय बघायचं? कव्हर फाटलं असू दे, लायब्ररीचा रद्द केल्याचा शिक्का असू दे, पण घडीची पानं, म्हणजे घडी घालून आत ठेवलेली आलेखांची मोठी पानं, मोजा. विशेषतः विजेच्या पद्धतीची पुस्तकं. चार खुंट्या जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोनांतून करंट सोडायचा, आतल्या दोनांत व्होल्टेज मोजायचं, वेनर यांनी १९१५ साली मांडलेली रीत, आपल्याकडे बोअरवेलची जागा बघायला अजून वापरतात (पाणाडी नारळ घेऊन फिरतो त्याच्या शेजारीच कधी कधी). खुंट्या लांब लांब नेत जे आकडे मिळतात त्याचा आलेख पारदर्शक कागदावर काढून छापील तयार वक्रांवर सरकवत जुळवायचा, कुठला जुळला त्यावरून थरांची जाडी. ओरेयाना आणि मूनी यांचा १९६६चा वक्रांचा संच त्यासाठीच होता, आणि असल्या संचातली सुटी पानं हमखास कोणीतरी वापरायला काढून नेलेली असतात. मी एकदा बिनपानांचा संच घेऊन बसलोय, विकणाऱ्याने फोटो फक्त कव्हरचा टाकला होता, चूक माझीच.

मराठी माणसाने शेल्फवर ठेवावंच असं एक म्हणजे द. श्री. पारसनीस यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ अप्लाइड जिओफिजिक्स', १९६२, आकाराने छोटंसं. पारसनीस स्वीडनमध्ये बोलिडेन या खाण कंपनीत होते, नंतर लुलेओला प्राध्यापक. त्यांची घनता काढायची पद्धत प्रसिद्ध आहे. टेकडीवर गुरुत्वाकर्षण मोजलं की टेकडीचं स्वतःचं ओढणं वजा करावं लागतं, त्यासाठी तिच्या खडकाची घनता हवी. नेटलटन वेगवेगळ्या घनता घालून बघायचे आणि ज्या आकड्याला आलेखातून टेकडीचा आकार पुसला जातो तो घ्यायचे, पारसनीसांनी त्याच मोजमापांचे बिंदू आलेखात एका सरळ रेषेवर आणले, रेषेचा चढ म्हणजेच घनता. नजरेचा अंदाज गेला.

माझ्या प्रतीत याच प्रकरणाच्या समासात आधीच्या मालकाने पेन्सिलीने २.६७ लिहून खोडलंय, बाजूला २.८५. पहिला आकडा म्हणजे जगभर पृथ्वीच्या कवचाची घनता म्हणून धरतात तो, दुसरा काळ्या बेसॉल्टजवळचा, म्हणजे गडी बहुतेक आपल्याच सह्याद्रीत कुठेतरी ग्रॅव्हिमीटर घेऊन फिरत असावा.