मेंदूची सूज: स्टेरॉइडच्या आधी तपासणी का?

फिट येऊन गेली की कुत्रा थोड्या वेळात पुन्हा शेपूट हलवायला लागतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तरीही त्याला आमच्या दवाखान्यात घेऊन या, फिटमागे मेंदूची सूज असू शकते. फिट 5 मिनिटांपेक्षा लांबली किंवा एका दिवसात पुन्हा आली, तर लगेच निघा. एकाच दिशेने गोल गोल फिरणं, मान कलणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, अचानक न दिसणं, यांपैकी काही दिसलं तर मोबाईलवर शूट करा. आमच्या टेबलावर आला की तो घाबरून गप्प बसतो. तुमचा व्हिडिओ जास्त सांगतो.

आम्ही त्याचा पंजा उलटा टेकवून पाहतो. निरोगी कुत्रा तो चटकन सरळ करतो. एकाच बाजूचे पंजे तसेच राहिले, तर बिघाड मेंदूत असण्याची शंका येते. मग रक्ताची तपासणी: साखर, लिव्हर, गोचीड ताप. लसीचं कार्ड आणाच. रेबीजची लस झाली नसेल तर त्याच्या तोंडात हात घालू नका.

यानंतर भूल देऊन एमआरआय आणि लगेच पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी. बहुधा ते मानेमागून काढतात. क्रम हाच, कारण मेंदूवर दाब असेल तर पाणी काढणं जिवावर बेतू शकतं. 8 किलोच्या पगचं जेमतेम दीड मिली निघतं. त्यातल्या पेशी तासाभरात खराब होऊ लागतात. दादरहून अंधेरीला नमुना ट्रॅफिकमधून पाठवण्यात अर्थ नाही. पाणी काढलं तिथेच पेशी मोजणाऱ्या सेंटरलाच आम्ही पाठवतो.

रिपोर्टवर ‘संशयित’ लिहिलेलं पाहून अनेकजण अस्वस्थ होतात. पग, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर अशा लहान जातींत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, जंतू सापडत नाही. नेमका प्रकार मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ठरतो, आणि ते बहुधा मृत्यूनंतरच होतं. म्हणून डिस्टेंपर (विषाणूचा आजार), टॉक्सोप्लाझ्मा, निओस्पोरा (दोन्ही परजीवी) यांसारखी कारणं तपासून बाजूला करून उपचार सुरू करावे लागतात. पाणी नॉर्मल आलं तरी सूज नाहीच, असं नाही.

एक कळकळीची विनंती. ओळखीच्या कुणी सांगितलं म्हणून आधीच स्टेरॉइड देऊ नका. पाण्यातल्या पेशी कमी होतात, खूण पुसली जाते, आणि आजार जंतूंचा असेल तर तो बळावतो. आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही करू नका, आम्हाला सांगा. भुलेसाठी किती तास उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशी फोनवर कळवू. फिटच्या गोळ्या मात्र आम्ही सांगितल्याशिवाय चुकवू नका.