स्वादुपिंडाची आभासी गाठ (स्यूडोसिस्ट): उपचार

स्वादुपिंडाला सूज आली की कधीकधी त्याची नलिका फुटते आणि पाचकरस झिरपून बहुधा जठराच्या मागच्या पोकळीत साठतो. दाहामुळे या साठ्याभोवती तंतुमय भिंत धरते. तिला आतून पेशींचे अस्तर नसते, म्हणून ही गाठ ‘आभासी’. रुग्णाच्या तोंडी मात्र ती ‘पाण्याची गाठ’च असते. भिंत पक्की व्हायला साधारण ४ आठवडे लागतात. स्वादुपिंडाच्या सुजेचे प्रकार ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटलांटा वर्गीकरणाच्या २०१२ च्या सुधारणेनुसार त्याआधीच्या साठ्याला स्यूडोसिस्ट म्हणतच नाहीत.

६ सेंमीहून मोठी आणि ६ आठवड्यांहून जुनी गाठ दिसली की शस्त्रक्रिया, हा जुना ठोकताळा आता मोडीत निघाला आहे. त्रास नसेल तर मोठी गाठही सोनोग्राफीवर नजर ठेवून तशीच राहू देतात; बऱ्याच गाठी आपोआप जिरतात. पोटदुखी थांबत नसेल, दोन घासांत पोट भरत असेल, उलट्या किंवा कावीळ होत असेल, गाठीत पू झाला असेल, तरच ती रिकामी करायची. नुसत्या सुईने पाणी ओढून घेणे बहुधा वाया जाते: नलिका गळत असेल तर गाठ पुन्हा भरते.

आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, आत निव्वळ पाणी आहे की मेलेल्या ऊतींचे तुकडे. सीटी स्कॅनमध्ये हे तुकडे सहज निसटतात, एमआरआय आणि एन्डोस्कोपिक सोनोग्राफीत (तोंडातून जठरात उतरवलेल्या दुर्बिणीच्या टोकाने केलेल्या सोनोग्राफीत) ते नीट दिसतात. तुकडे असतील तर तो स्यूडोसिस्ट नव्हेच, आणि बारीक नळीने तो रिकामाही होत नाही. दुसरी, पाचकरसाने कुरतडलेल्या रोहिणीला (धमनीला), विशेषतः प्लीहेच्या रोहिणीला, फुगा आला आहे का. तो न पाहता गाठ फोडली तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटीत) असा फुगा दिसला, तर तो आधी रक्तवाहिनीच्या आतूनच बुजवतात.

आज पहिली पसंती तोंडातून जठरात उतरवायच्या दुर्बिणीला (एन्डोस्कोपला). जठराची आणि गाठीची भिंत एकमेकींना चिकटलेली, मधले अंतर १ सेंमीच्या आत हवे. एन्डोस्कोपिक सोनोग्राफीत वाटेतल्या रक्तवाहिन्या चुकवून १९ गेजची (सुमारे १ मिमी जाडीची) सुई गाठीत जाते, तिच्यातून तार. मग फुग्याने वाट रुंद करून दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखा वळसा असलेले ७ ते १० फ्रेंच (सुमारे २.३ ते ३.३ मिमी) जाडीचे दोन प्लास्टिक स्टेंट (वाट उघडी ठेवणाऱ्या नळ्या) बसवतात. वळशामुळे ते सरकत नाहीत. डंबेलच्या आकाराचा धातूचा स्टेंट रुंद असतो, म्हणून तुकडे असलेल्या साठ्यात सोयीचा. पण तो ३ ते ४ आठवड्यांत काढावाच लागतो. गाठ आक्रसली की त्याची कड समोरच्या रक्तवाहिनीवर घासते. रुग्णाला बरे वाटते, तो फेरतपासणीला येत नाही, आणि घात तिथेच होतो.

त्वचेतून नळी टाकणे हा पू झालेल्या, अत्यवस्थ रुग्णासाठीचा मार्ग. नलिका पूर्ण तुटलेली असेल तर त्वचेतल्या त्या छिद्रातून पाचकरस महिनोन्‌महिने गळत राहतो. अशा रुग्णांत दुर्बिणीने टाकलेले प्लास्टिक स्टेंट पुष्कळदा काढतच नाहीत. नलिका अर्धवटच फाटलेली असेल, तर ईआरसीपीने (दुर्बिणीतून आतड्याच्या बाजूने नलिकेत शिरण्याच्या पद्धतीने) तिच्यात स्टेंट घालून फाट ओलांडता येते.

दुर्बीण पोहोचत नाही तिथे गाठ जठराला किंवा आतड्याच्या वळशाला जोडण्याची शस्त्रक्रिया, शक्य तर लॅपरोस्कोपीने, करतात. सूज पित्तखड्यांमुळे आली असेल तर त्याच वेळी पित्ताशयही काढता येते. कारण दारू असेल तर ती कायमची सोडावी लागते.

सूज येऊन गेल्याचा इतिहासच नसलेल्या माणसात गाठ सापडली, तर ती आभासी मानून रिकामी करू नये. आतल्या पाण्यात अ‍ॅमायलेज (स्वादुपिंडाच्या पाचकरसातले विकर) कमी आणि सीईए (काही गाठींत वाढणारे प्रथिन) जास्त निघाले, तर ती कर्करोगाकडे झुकणारी श्लेष्मल (चिकट स्राव बनवणारी) गाठ असू शकते.