दोन अंडरस्कोरांनी काय बिघडतं?

लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड वाचायला बसलं की ‘कॉपी_फ्रॉम_यूजर’ लवकरच भेटतं. थोडं खाली गेलं की तेच नाव पुन्हा दिसतं, फक्त आधी दोन अंडरस्कोर: ‘__कॉपी_फ्रॉम_यूजर’. आर्ग्युमेंट्स तीच तीन. कंपायलरला दोन्ही चालतात.

काम दोघांचं एकच, प्रोग्रामने दिलेल्या पत्त्यावरून डेटा उचलून कर्नलच्या मेमरीत आणायचा. पण पत्ता देणारा परका. म्हणून साधं फंक्शन आधी ‘ॲक्सेस_ओके’ला विचारतं, हा पत्ता यूजरच्याच, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामच्याच, हद्दीतला ना? अंडरस्कोरवालं विचारत नाही. ज्याने मला बोलावलं त्याने तपासलं असेल, असं धरून चालतं. घराला कुलूप लावून निघाल्यावर ‘गॅस तू बंद केलास ना?’ म्हणतात, तसली ही गत. कुणीच तपासलं नसेल, तर बाहेरचा प्रोग्राम कर्नलच्या हद्दीतला पत्ता देतो आणि कर्नल आपलीच मेमरी त्याच्यासाठी वाचतं. ‘कॉपी_टू_यूजर’च्या जोडीत हीच चूक झाली, तर थेट कर्नलवर लिहिलं जातं.

‘ॲक्सेस_ओके’ हे नावही जरा फसवंच. त्या पत्त्यावर खरोखर मेमरी आहे की नाही, वाचायची परवानगी आहे की नाही, यातलं काहीच ते बघत नाही. बघतं फक्त हद्द. बाकीचं प्रत्यक्ष कॉपी करताना पेज फॉल्ट (त्या पत्त्यावर पोचता आलं नाही, ही प्रोसेसरची सूचना) आला की कळतं.

मला विचाराल तर इतक्या मोठ्या धोक्याला दोन अंडरस्कोर ही खूण फारच पुसट आहे. यूजरच्या मेमरीत न तपासता लिहिणाऱ्या ‘अनसेफ_पुट_यूजर’चं नाव त्या मानाने सरळ ओरडून सांगतं. तरी २०१७ साली ४.१३ आवृत्तीत ‘वेटआयडी’ या सिस्टिम कॉलमध्ये (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागायचं दार) ते वापरताना आधीची ‘ॲक्सेस_ओके’ राहूनच गेली. साध्या यूजरने कर्नलचा पत्ता द्यावा आणि कर्नलने निमूट तिथे लिहावं, असं भगदाड पडलं (सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१७-५१२३). ४.१४ यायच्या आत ते बुजवलं गेलं. पुढे ५.० मध्ये, असं लिहिण्याआधी बोलवावं लागणारं ‘यूजर_ॲक्सेस_बिगिन’ स्वतःच ही तपासणी करू लागलं. मला खरा इलाज हा वाटतो, कारण आता ते कुणी लक्षात ठेवायची गरजच उरली नाही.

नवख्यांचा आणखी एक घोळ: पॉइंटरच्या (पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलच्या) प्रकारात दिसणारं ‘__यूजर’. अंडरस्कोर तेवढेच, पण संबंध काही नाही. तिथे ती ‘स्पार्स’ या तपासणी साधनासाठी लावलेली चिठ्ठी असते; चालत्या कर्नलमध्ये तिच्यामुळे कसलीही तपासणी होत नाही.

पॅच (कोडमधला बदल) तपासताना नावाआधी दोन अंडरस्कोर दिसले, तर त्याच फंक्शनमध्ये वर ‘ॲक्सेस_ओके’ शोधा. तिथे नसेल तर बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये बघा. आणि ‘ॲक्सेस_ओके’ने तपासलेला पत्ता व लांबी हीच पुढे कॉपीला दिली आहे ना, तेही बघा.