माउस लावला की कर्नलमध्ये काय होतं

लिनक्सवाल्या लॅपटॉपला यूएसबी माउस लावला की लगेच चालायला लागतो, सीडी नको, इन्स्टॉल नको. त्याला चालवतो तो ड्रायव्हर, आणि बऱ्याच जणांना वाटतं की ड्रायव्हर म्हणजे मागे सतत चालू असणारा छोटा प्रोग्राम असेल. तसं नसतं, बहुतेक वेळ तो गप्प पडून असतो. ड्रायव्हर म्हणजे फंक्शन्सचा गठ्ठा, कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, नोंदवून ठेवलेला, आणि त्यातलं कुठलं कधी कॉल करायचं ते कर्नल ठरवतो.

माउस लावल्यावर कर्नल आधी त्याची ओळख विचारतो: कंपनीचा नंबर, मॉडेलचा नंबर आणि प्रकार. प्रत्येक ड्रायव्हर आपल्याला कोणती डिव्हाइसेस झेपतात त्याची यादी घेऊनच आलेला असतो, ती जुळली की कर्नल त्याचं ‘प्रोब’ फंक्शन कॉल करतो आणि मग ड्रायव्हर मेमरी वगैरे मागून घेतो, तयारीला लागतो. माउस-कीबोर्डचा प्रकार ठरलेला आहे, एचआयडी (ह्युमन इंटरफेस डिव्हाइस), म्हणून कुठल्याही लोकल कंपनीचा माउस त्याच एका ड्रायव्हरवर चालतो.

आता गंमत बघा, यूएसबी माउस स्वतःहून काही सांगूच शकत नाही. लॅपटॉपमधली यूएसबी सांभाळणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, त्याला सारखं विचारत राहतो, साध्या माउसला साधारण दर 8 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 125 वेळा! काही नवीन असेल तर कंट्रोलर तो डेटा थेट रॅममध्ये टाकतो, सीपीयूला इंटरप्ट देतो, म्हणजे ‘हातातलं थांबव, इकडे बघ’ असा इशारा, आणि तेव्हा कुठे ड्रायव्हरचं फंक्शन कॉल होतं. तिथे रेंगाळायला परवानगी नाही, इतकं उजवीकडे इतकं खाली एवढं इनपुट सिस्टिमला सांगायचं आणि निघायचं. वरच्या सॉफ्टवेअरला यातलं काही दिसत नाही, त्याच्यासाठी माउस म्हणजे उघडून वाचायची एक फाइल.

पण ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, म्हणजे घरातलाच माणूस, तिजोरीची चावी त्याच्याकडेही असते. ॲप चुकलं तर ॲप बंद पडतं, ड्रायव्हरने भलत्या पत्त्यावर हात घातला तर अख्खं मशीन आडवं. 19 जुलै 2024 ला हेच झालं. क्राउडस्ट्राइकच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा विंडोजमधला ड्रायव्हर (हार्डवेअर नसलं तरी ड्रायव्हर असतो बरं का) नवीन डेटा फाइल वाचायला गेला, हातात माहितीचे रकाने 20 आणि तो गेला एकविसावा वाचायला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख मशीन क्रॅशच्या निळ्या स्क्रीनवर अडकली, आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्यात हा ड्रायव्हर बूट होतानाच लोड होणारा, त्यामुळे रीस्टार्ट केलं की परत क्रॅश, शेवटी कित्येक ठिकाणी माणसांनी सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हर्सवर सुरू होतं तो मोड) जाऊन ती फाइल हाताने डिलीट केली.

म्हणून जे बाहेर ठेवता येतं ते कर्नलच्या बाहेरच ठेवावं असं माझं मत. लिनक्समध्ये प्रिंटरचं बरंचसं काम तसंच बाहेर होतं, त्यामुळे प्रिंटर रुसला तर फार तर प्रिंट येत नाही, लॅपटॉप चालू राहतो.