फळीपुढचा स्वयंपाकी : काइसेकीच्या काउंटरमागचा इतिहास

क्योटोत जुलै महिन्यात काउंटरला जेवायला बसलं की समोरच्या फळीवर 'हामो' येतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर ज्याला वाम म्हणतात, त्याच्याच कुळातला हा लांबुळका मासा, आणि तसाच काटेरी. आचारी तो उघडून कातडीवर पसरतो आणि जड सुरीने एकेका 'सुन'मध्ये, म्हणजे जेमतेम ३ सेंटिमीटरमध्ये, २४-२५ चिरा देतो. आतले बारीक काटे तुटले पाहिजेत, खालची कातडी मात्र शाबूत राहिली पाहिजे. सर्रसर्र असा एका लयीतला आवाज येत राहतो. मग तुकडा उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवला की पांढऱ्या फुलासारखा उमलतो. क्योटो समुद्रापासून आत, आणि बर्फ नव्हता त्या काळात भर उन्हाळ्यात तिथवर जिवंत पोहोचणारा चिवट मासा हाच. त्यामुळे गिओनचा उत्सव आणि हामो हे नातं तिथे पक्कं जुळलं.

हे सगळं हाताच्या अंतरावरून पाहायला मिळतं, म्हणून काउंटर ही जपानची प्राचीन रीत असावी असं वाटतं. काइसेकी हे ऋतूप्रमाणे एकामागून एक पदार्थ वाढायचं जेवण जुनं आहे खरं, पण काउंटर जेमतेम शंभर वर्षांचा.

मुरोमाची काळात (१३३६ ते १५७३) सरदारांच्या मेजवानीला 'होन्झेन' म्हणत. पाहुण्यापुढे पायांच्या तबकांची रांग लागे. सात, पाच, तीन अशा संख्यांचा मान मोठा, आणि त्या थाटामाटात अन्न निवून जाई. सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) या चहा-समारंभाच्या आचार्याने हा पसारा मोडून काढला. एक सार आणि तीन पदार्थ, बस्स. तेही यजमानाने स्वतः आणून द्यायचे, गरम असताना. समारंभात पुढे येणारा दाट माचा, म्हणजे हिरव्या पुडीचा चहा, रिकाम्या पोटी सोसत नाही, म्हणून हे जेवण. 'काइसेकी' म्हणजे 'छातीशी धरलेला दगड' : भूक मारण्यासाठी झेन भिक्षू ऊन दगड वस्त्रात ठेवत, अशी त्यामागची कथा. ही अक्षरं मात्र रिक्यूनंतरची आहेत. त्याच्या काळी हाच उच्चार 'जमून बसणं' या अर्थाच्या अक्षरांनी लिहीत.

पुढे एदो काळात त्या जुन्या अक्षरांनी वेगळीच वाट धरली. कवितेच्या बैठकीनंतर साके, म्हणजे तांदळाची दारू, पीत खायचं जेवणही काइसेकीच. दोन्हींतला फरक भातावरून चटकन कळतो. चहाच्या जेवणात भात आणि सार पहिल्यांदा येतं. साकेच्या जेवणात भात अगदी शेवटी, कारण तो आला की पिणं संपलं. आज रेस्टॉरंटमध्ये मिळतं ते बहुतेक या दुसऱ्या वळणाचं. ते 'र्योतेई'मध्ये वाढलं : तातामीच्या चटया अंथरलेल्या खोल्या, बाहेर बाग, आणि स्वयंपाकघर कुठेतरी मागे. रांधणारा कोण, हे पाहुण्याला कळतही नसे.

तो पडदा ओसाकात दूर झाला. १९२४ साली शिनमाची भागात 'हामासाकू' उघडलं, आणि काउंटरवरच्या 'काप्पो'ची सुरुवात तिथूनच झाली असं मानतात. काप्पो म्हणजे चिरणं आणि शिजवणं. फळीच्या अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे 'इतामाए', शब्दशः 'फळीपुढचा'. त्या दिवशी काय आलंय ते बघून गिऱ्हाईक सांगे, हा रांधे. सगळं आचाऱ्यावर सोपवायची, म्हणजे 'ओमाकासे'ची, पद्धत काउंटरवर रुळली ती नंतर. १९२७ मध्ये हामासाकू क्योटोच्या गिओनमध्ये आलं, पुढच्याच वर्षी तोक्योच्या गिन्झात. १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झालं होतं; शहर पुन्हा उभं राहताना ओसाका-क्योटोकडचे आचारी आणि त्यांची कोम्बू या समुद्री शेवाळाची हलकी चव तिथे पोहोचली. १९३० मध्ये युकी तेइइची यांनी त्याच शिनमाचीत 'किच्चो' सुरू केलं, तेही छोट्या काउंटरवरच, आणि चहाच्या खोलीतली दृष्टी रेस्टॉरंटच्या ताटात आणली.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. काउंटर नवा असला तरी रिक्यूला जे हवं होतं ते त्यानेच परत मिळवून दिलं : रांधणारा स्वतः देतो, समोर देतो, आणि निवायच्या आत देतो. र्योतेईच्या लांब ओसऱ्यांत नेमकं तेच हरवलं होतं.

२००७ मध्ये रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशलाँची पहिली तोक्यो यादी आली, २०१३ मध्ये युनेस्कोने 'वाशोकू'ला, म्हणजे जपानी पारंपरिक जेवणाला, वारशाचा दर्जा दिला, आणि जगभरातून माणसं या खुर्च्यांवर बसायला येऊ लागली. त्यांना पहिल्यांदा चकित करतात ते बहुधा वास. वसंतात बांबूच्या कोंबांवर 'किनोमे', म्हणजे सान्शोची कोवळी पानं असतात. हे झाड आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड; बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्या घरात वाढलेल्याला ती जिभेवरची झिणझिण ओळखीची वाटेल.

ऋतूचे तिथे तीन टप्पे मानतात : 'हाशिरी' म्हणजे पहिला माल, 'शुन' म्हणजे ऐन बहर, 'नागोरी' म्हणजे निरोपाचा. शरद लागताना मातीच्या लहानशा किटलीत दोन गोष्टी एकत्र शिजतात, सरता हामो आणि नुकतंच आलेलं मात्सुताके अळिंबी. झाकण उघडायच्या आधी तोटीतून कपभर सार ओतून घेतात, आणि सुदाची लिंबाचे दोन थेंब पिळतात.