आटे बसले, पण फोकस बसला का?

जुन्या कॅमेऱ्यांच्या नादाला लागलेल्या माणसाला एक आकडा झोपेतही सांगता येतो: 39 मिलिमीटर. लायकाच्या जुन्या, आट्यांच्या कॅमेऱ्यांचं तोंड एवढ्या व्यासाचं. लेन्स फिरवून बसवायची, फिरवून काढायची. गंमत म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये आणि आटे मात्र इंचाला 26, म्हणजे ब्रिटिश मापाचे. लायका घडवणारा, जर्मनीतल्या वेट्झलर गावचा लाइट्झ कारखाना मुळात मायक्रोस्कोप बनवणारा. मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हचे आटे जगभर इंची मापात कापले जायचे, तेव्हा तिथल्या कारागिरांना हा धेडगुजरी हिशोब खटकला नसावा.

या 39 मिलिमीटरच्या तोंडावर आज शेकडो प्रकारच्या लेन्स चढतात. लायकाच्या आहेत, कॅनन-निकॉनच्या आहेत, सोव्हिएत कारखान्यांच्या तर ढिगाने. संग्राहकांना भुरळ पडते ती यामुळेच. वेट्झलरचा कॅमेरा, टोकियोची लेन्स, आणि दोन्ही एकमेकांत छान फिरतात! पण आटे बसणं ही झाली पहिली पायरी. खरी परीक्षा पुढे आहे, आणि ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते.

लाइट्झ कारखान्यातल्या ऑस्कर बार्नाकने सिनेमाची 35 मिलिमीटर फिल्म आडवी धरून 24 × 36 मिलिमीटरची चौकट घेतली. त्याचा हा छोटा कॅमेरा 1925 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ म्हणून बाजारात आला. तेव्हा त्याची लेन्स काढता येत नव्हती आणि अंतर अंदाजाने लावावं लागायचं. 1930 मध्ये आट्यांची लेन्स आली, पण सुरुवातीला प्रत्येक लेन्स तिच्या ठरावीक कॅमेऱ्यालाच जुळवलेली असे. वर्षभराने कारखान्याने माप पक्कं केलं: लेन्स टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंत 28.8 मिलिमीटर. या मापात बसणाऱ्या कॅमेऱ्याच्या कड्यावर, वरच्या बाजूला, बारीकसा ‘0’ कोरलेला असायचा. त्या काळचा लायका हाती आला तर लेन्स काढून तो शून्य आधी शोधावा. नसेल, तर त्या कॅमेऱ्याला कुठलीही लेन्स चालेल असं गृहीत धरू नये.

1932 च्या लायका-2 मध्ये रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजणारं यंत्र, लेन्सला जोडला गेला. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एकमेकांपासून सुमारे 39 मिलिमीटरवर दोन छोट्या खिडक्या असतात. (व्यासाचाही आकडा तोच, हा निव्वळ योगायोग.) दोन्हींतून दिसणारी चित्रं आत एकावर एक पडतात. समोरचा माणूस जितका जवळ, तितका दोन्ही खिडक्यांतून दिसण्याच्या दिशांतला कोन मोठा. 1 मीटरवर हा कोन सव्वादोन अंशांच्या आसपास, 3 मीटरवर पाऊण अंश, आणि 10 मीटरवर जेमतेम पाव अंशाच्या आत. आतला प्रिझम फिरवून दुहेरी दिसणारी प्रतिमा एक केली की कोन कळला. पाया (दोन खिडक्यांतलं अंतर) आणि कोन माहीत झाला की अंतर निघतंच. जमीन मोजणारे हीच भूमिती मैलांवर चालवतात.

आता या यंत्राच्या मर्यादा बघा. माणसाच्या नजरेला साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढा फरक कळतो असं धरू. लायका-3 मध्ये रेंजफाइंडरची प्रतिमा दीडपट मोठी दिसते, म्हणजे पाया जवळपास 58 मिलिमीटरचा झाल्यासारखा. माणसाच्या दोन डोळ्यांतलं अंतर याहून थोडंसंच जास्त असतं! हिशोब केला तर 3 मीटरवर चूक होते सुमारे साडेचार सेंटिमीटरची, पण 10 मीटरवर ती अर्ध्या मीटरवर जाते. अंतर दुप्पट झालं की चूक चौपट. 50 मिलिमीटर फोकल लांबीच्या लेन्सला याचं फारसं काही वाटत नाही, कारण लांबच्या वस्तूंना तिची फोकसची खोली, म्हणजे एकाच वेळी धारदार दिसणारा पट्टा, भरपूर असते. 135 मिलिमीटरला मात्र वाटतं: 3 मीटरवर, एफ-4 ला (लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एवढं उघडं असताना), तिची खोली पुढेमागे मिळून बारा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणूनच या कॅमेऱ्यांसाठी रेंजफाइंडरला जोडलेल्या लेन्स 135 च्या पुढे सहसा गेल्या नाहीत.

हा कोन लेन्सपर्यंत पोचतो कसा? लेन्स काढून कॅमेऱ्याच्या तोंडात बघितलं तर वरच्या बाजूला एक बारीक चाक लटकलेलं दिसतं. लेन्सची मागची कड या चाकाला टेकते. लेन्स पुढे गेली की चाक मागोमाग येतं, त्याची दांडी हलते आणि प्रिझम फिरतो. चाकाची चाल सगळ्यांसाठी एकच ठरलेली आहे. 51.6 मिलिमीटर फोकल लांबीच्या लेन्सला अनंतापासून 1 मीटरपर्यंत यायला जेवढं पुढे सरकावं लागतं तेवढी, म्हणजे सुमारे 2.8 मिलिमीटर.

साध्या 50 च्या लेन्सला हे सोपं आहे, कड आणि काचा एकत्र सरकतात. पण 28 मिलिमीटरच्या लेन्सला 1 मीटरवर यायला फक्त 0.8 मिलिमीटर पुरतं. उलट 135 च्या लेन्सला दीड मीटरवर यायला तेरा मिलिमीटर पुढे यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात चाकाला मात्र दोनाच्या आतच हलायचंय. त्यामुळे अशा लेन्समध्ये काचा एका गतीने आणि मागची कड दुसऱ्या गतीने चालते. तिरक्या कापाच्या कडा नाहीतर आटे वापरून लेन्स स्वतःच हे भाषांतर करते. कॅमेऱ्याला त्यातलं काही कळत नाही, चाकाशी जे टेकलं ते त्याने खरं मानायचं. सगळा कारभार विश्वासावर!

आणि इथेच सोव्हिएत लेन्सचं घोडं अडतं. खारकीव्हमधल्या बेघर मुलांच्या कम्यूनमध्ये 1934 पासून ‘फेड’ नावाने लायका-2 ची नक्कल बनू लागली. नाव फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांचं, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाचं. कॅमेऱ्याला असं नाव सुचायलाही काळच तसा लागतो. युद्धानंतर, 1948 पासून, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये ‘झोर्की’ आला. त्यातला झोर्की-4 सतरा लाखांच्या घरात बनला, म्हणून तो आजही स्वस्तात मिळतो. या कॅमेऱ्यांवर सर्रास दिसणारी ज्युपिटर-8 ही लेन्स मात्र लायकाच्या घराण्यातली नाही. ती झाइस या जर्मन कंपनीच्या सोनार लेन्सची नक्कल, आणि सोनार होती लायकाच्या प्रतिस्पर्ध्यासाठी, काँटॅक्ससाठी. काँटॅक्सची प्रमाण फोकल लांबी 52.4 मिलिमीटर, लायकाची 51.6.

फरक 0.8 मिलिमीटरचा. एवढ्याने काय होतं? अनंतावर काहीच नाही, तिथे दोघी अगदी जुळतात. 1 मीटरवर आलं की 52.4 च्या लेन्सला लायकाच्या चाकाला अपेक्षित असलेल्यापेक्षा साधारण 0.09 मिलिमीटर जास्त पुढे यायला हवं. ती येत नाही. परिणाम म्हणजे फोकस सुमारे तीन सेंटिमीटर मागे जाऊन पडतो. एफ-2 ला, 1 मीटरवर, फोकसची खोली पुढे आणि मागे जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. तुम्ही रेंजफाइंडरमध्ये डोळ्यावर प्रतिमा जुळवली, आणि हिशोबाप्रमाणे फोटोत धारदार आलं डोळ्यामागचं कानशील. दुरुस्ती करणारे लोक लेन्सच्या काचांच्या नळीखाली पातळ चकत्या कमी-जास्त करून यावर तोडगा काढतात. त्यात जवळचं जुळतं आणि अनंत थोडा बिघडतो. तुम्ही काय टिपता त्यावर कुठलं पाप पदरी घ्यायचं ते ठरवायचं.

याहून उघड फसवणूक झेनिटच्या लेन्सची. झेनिट हा लेन्समागे आरसा असलेला सोव्हिएत कॅमेरा, पण त्याच्या जुन्या मॉडेलचं तोंडही 39 मिलिमीटरचंच. लेन्स तुमच्या झोर्कीत फिरून बसते, मात्र ती फिल्मपासून 45.2 मिलिमीटर दूर राहण्यासाठी बनवलेली आहे. 28.8 वर आली की तिला काहीच स्पष्ट दिसत नाही. एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राच्या) कितीतरी लेन्सही याच आट्यांच्या. विकणारा ‘लायका माउंट’ लिहितो आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटंही नसतं.

जपान्यांनी या बाबतीत शहाणपणा दाखवला. युद्धात जर्मनी हरल्यावर जर्मन पेटंटची अडचण राहिली नाही आणि कॅनन, निक्का, लिओटॅक्स अशा कॅमेऱ्यांची रांग लागली. 1950 मध्ये ‘लाइफ’ मासिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन याने जपानमध्ये निकॉनच्या निक्कोर लेन्सने काढलेले फोटो पाहिले, त्या लेन्स आपल्या लायकावर चढवल्या आणि त्याच घेऊन कोरियाच्या युद्धावर गेला. या निक्कोरांपैकी बऱ्याच जणींची रचनाही सोनारवरूनच उचललेली होती. पण त्यांची कड लायकाच्या चाकाशी इमान राखणारी होती.

सोनारचीच नक्कल सगळ्यांनी का केली, त्यालाही कारण आहे. काच आणि हवेच्या प्रत्येक सीमेवर चारेक टक्के प्रकाश परत फिरतो. हे परत फिरणं रोखणारा पारदर्शक लेप रुळण्याआधीच्या काळात अशा आठ सीमांची लेन्स प्रकाशाच्या पाव हिश्श्याहून अधिकाला बुडवायची. शिवाय परत फिरलेला प्रकाश आतल्या आत घुमून चित्र धुरकट करायचा, ते वेगळंच. सोनारचा रचनाकार लुडविग बेर्टेले याने तिच्यात काचा एकमेकींना चिकटवून सीमा सहावर आणल्या.

कॅमेरा हाती घेऊन बघायच्या गोष्टी मोजक्या. सोनेरी मुलाम्याचा, गरुड नि स्वस्तिक कोरलेला ‘दुर्मीळ लायका’ दिसला की लेन्स काढून चाक बघा. अस्सल लायकात गोल फिरतं चाक असतं, फेड-झोर्कीत त्या जागी पाचरीसारखं टोक. दुसरी गोष्ट शटर. या कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळे लेन्सवर टोपण नसेल तर ऊन थेट रबर लावलेल्या कापडी पडद्यावर एकवटतं. 50 मिलिमीटरच्या एफ-2 लेन्सने दुपारच्या उन्हातला जवळपास अर्धा वॅट अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर पडतो. एवढ्यात पडद्याला भोक पडतं. अंधाऱ्या खोलीत तोंडातून टॉर्च फिरवून मागून बघितलं की अशी भोकं ताऱ्यांसारखी चमकतात. हे बघायला मागचं झाकण निघणारा फेड-2 किंवा झोर्की-4 बरा. जुन्या लायकात रोल खालून घालायचा, तोही पुढची पट्टी दहाएक सेंटिमीटर कापून. आणि झोर्कीवर शटरचा वेग बदलायचा तो रोल पुढे ओढल्यावरच, आधी नाही.

आपल्याकडे पावसाळ्याचं आणखी एक दुखणं. मुंबईतल्या बोरा बाजारात किंवा कोकणातल्या घराच्या कपाटातून निघालेल्या लेन्समध्ये टॉर्च मारला की पुष्कळदा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. हवा दिवसेंदिवस दमट राहिली की ती वाढते आणि तिच्यातून पाझरणारी आम्लं लेप व काच कुरतडतात. बुरशी पुसता येते, कुरतडलेलं भरून येत नाही. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि पन्नासाच्या आसपास आर्द्रता दाखवणारा छोटा मापक, एवढ्यावर भागतं.

ज्यांना फिल्मचा खर्च झेपत नाही ते या लेन्स आरसाविरहित डिजिटल कॅमेऱ्यावर लावतात. सोनीच्या ई-माउंटला 18 मिलिमीटर अंतर लागतं, म्हणून मधलं कडं 10.8 मिलिमीटरचं. इथे चाक नाही, दांडी नाही. सेन्सरवर जे पडतं तेच डोळ्याला दिसतं, त्यामुळे ज्युपिटरचा तीन सेंटिमीटरचा घोळ आपोआप मिटतो. पण डिजिटलवर झकास दिसलेली लेन्स झोर्कीवर किंवा लायकावर तशीच चालेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी वर्तमानपत्राचं पान तिरकं लावून, एका ओळीवर खूण करून, 1 मीटरवरून, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून रोलवरच दोन-तीन फोटो काढावे लागतात. खुणेच्या मागची ओळ धारदार आली तर चकत्यांचा डबा उघडायचा.