विषाणूला नेमकं कुठं धरायचं?

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचा एक कण साधारण १०० नॅनोमीटरचा. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसायची आशाच नको. मग संशोधक त्याला चिकटणारं प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी, पेशींवर सोडतात. त्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडलेला असतो, त्यामुळं जिथं विषाणूचं प्रथिन, तिथं उजेड. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती काढली, ती आजही रोज वापरात आहे.

पण प्रतिपिंडानं विषाणूला धरायचं कुठं? सगळी मेख इथंच आहे.

विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे असतात. आपली रोगप्रतिकारशक्ती सतत त्यांच्या मागे लागलेली असल्यामुळं या काट्यांचं टोक झपाट्यानं बदलत राहतं. एका वाणाच्या टोकावर बेतलेलं प्रतिपिंड काही वर्षांनी आलेल्या वाणाला ओळखेलच असं नाही. उलट आत, विषाणूच्या आरएनएला लपेटून बसलेलं न्यूक्लिओप्रोटीन फारसं बदलत नाही. म्हणून ‘हा ए प्रकारचा इन्फ्लुएन्झा आहे का?’ एवढंच विचारायचं असेल तर न्यूक्लिओप्रोटीनला धरणारं प्रतिपिंड घ्यावं. ते माणसाच्या, डुकराच्या, पक्ष्याच्या ए विषाणूंना बहुधा ओळखतं. बी प्रकारचं न्यूक्लिओप्रोटीन मात्र वेगळं, त्याला निराळं प्रतिपिंड लागतं. आणि ए प्रकारातला उपप्रकार एच१ की एच३ हे ठरवायचं असेल, तर हिमॅग्लुटिनिनकडंच वळावं लागतं.

न्यूक्लिओप्रोटीन आत असल्यानं एक पायरी वाढते. पेशी फॉर्मल्डिहाइडनं जागच्या जागी स्थिर केल्यावर सौम्य डिटर्जंटनं त्यांच्या पडद्याला भोकं पाडावी लागतात. ती पाडली नाहीत तर प्रतिपिंड बाहेरच राहतं आणि संसर्ग झालेली पेशीही काळीच दिसते. संसर्गानंतर काही तासांनी बघितलं तर आधी पेशींची केंद्रकं हिरवी उजळलेली असतात, बाकी पेशी अंधारात. बहुतेक आरएनए विषाणू आपल्या प्रती केंद्रकाबाहेर काढतात, हा मात्र आत शिरतो. आणखी काही तासांनी तो हिरवा उजेड केंद्रकातून बाहेर पाझरून पेशीभर पसरतो, कारण नव्या विषाणूंचं सामान आता पेशीच्या कडेकडे निघालेलं असतं. विषाणूचा प्रवास इतका उघड दाखवणारं दुसरं चित्र मला तरी माहीत नाही.

असं नेमकं, कुपीमागून कुपी सारखंच मिळणारं प्रतिपिंड शक्य झालं ते १९७५ मध्ये. जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडून एकाच प्रकारचं प्रतिपिंड अखंड देणारा पेशीवंश तयार केला. १९८४चं नोबेल त्यांना नील्स यर्ने यांच्यासोबत मिळालं.

तरी एका चाचणीत चोख चालणारं प्रतिपिंड दुसरीत गप्प बसू शकतं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडानं शोधण्याच्या चाचणीत, ती सहसा आधी उकळून उलगडली जातात. प्रतिपिंड हिमॅग्लुटिनिनच्या घडीला धरत असेल, तर घडीच मोडल्यावर ते धरणार काय? ‘विषाणू नाही’ असं ठरवण्याआधी हे तपासायलाच हवं. उलटही होतं: प्रतिपिंड कुठंही चिकटून संसर्ग नसलेल्या पेशी उजळवतं. म्हणून त्याच प्लेटमध्ये निरोगी पेशींचा एक खळगा ठेवतात, आणि रंग थेट पहिल्या प्रतिपिंडाला न जोडता त्याला धरणाऱ्या दुय्यम प्रतिपिंडाला जोडलेला असेल, तर दुसऱ्या खळग्यात पहिलं न घालता फक्त ते दुय्यम प्रतिपिंड घालतात. नवी कुपी उघडली की मी आधी हे दोन खळगे बघते. ते काळे असले, तरच बाकीच्या हिरव्याकडं वळते.